चर खणून झाले, पाणी कुणाचं?

आत्याच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक तक्ता रंगवलाय. निळा ऑइलपेंट, त्यावर पांढरी अक्षरं. पडलेला पाऊस, जमिनीत मुरलेलं पाणी, माणसांना लागणारं, जनावरांना लागणारं, पिकांना लागणारं. शेवटची ओळ ‘तूट’. तुटीपुढचा आकडा मात्र कुणीतरी खरवडून काढलाय. मी विचारलं तर आत्या म्हणाली, “आरं, त्यो आकडा बघून पोरांच्या सोयरिकी मोडाय लागल्या. पावणं येत्यात, भित्ताड वाचत्यात, च्या पित्यात आन् जात्यात.”

या तक्त्याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. केंद्राची अटल भूजल योजना २०१९ च्या डिसेंबरात सात राज्यांत सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातल्या निवडक जिल्ह्यांमध्ये आमचं सोलापूर होतं, आणि गावानं बसून असा ताळेबंद मांडणं हा त्या योजनेचा गाभा होता. मी स्वतः पतसंस्थेत बावीस वर्षं खतावणी केली. तूट खरवडली म्हणून भरून निघत नाही, एवढं मला कळतं. हवामान बदलाशी गावं आणि गल्ल्या नेमक्या कशा झुंजतात आणि कुठं अडतात, हे समजून घ्यायला मला त्या खरवडलेल्या जागेइतकं चांगलं ठिकाण दुसरं सापडलेलं नाही.

‘हवामान बदल रोखण्यासाठी लोकसहभाग’ असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एक फोटो येतो. रोप एक, त्याला हात लावणारे अकरा. तो फोटो जरा बाजूला ठेवू.

आधी बदललंय काय ते बघू. गावात ‘हवामान बदल’ हा शब्द कुणी वापरत नाही. ‘पावसाचं काय खरं राहिलं नाही’ असं म्हणतात, आणि शास्त्र तरी वेगळं काय सांगतं? हवा म्हणजे आपला सोलापुरी टॉवेल समजा. हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरायची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे टॉवेल मोठा झाला. मोठा टॉवेल कोरडा असताना जास्त पाणी ओढतो : मातीतलं, तळ्यातलं, पिकाच्या पानातलं. आणि पिळला गेला की एकदम जास्त पाणी सोडतो. म्हणून दोन पावसांमधली उघडीप लांबते आणि पाऊस आला की तो कोसळतो. दुष्काळ आणि पूर ही एकाच बदलाची दोन टोकं आहेत. कारखानदारी सुरू होण्याआधीच्या काळाशी तुलना केली तर २०२४ हे जगाच्या सरासरी तापमानानं दीड अंशाची रेघ ओलांडलेलं पहिलं वर्ष ठरलं.

आपल्या जिल्ह्यानं ही दोन्ही टोकं लागोपाठ बघितली. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये गेली, उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली. बाहेरगावच्या माणसाला हा प्रकार कळत नाही. धरणात पाणी शून्याच्या खाली कसं जाईल? तर उजनीत एकूण ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं साडेत्रेपन्नास टीएमसीच्या आसपास ‘उपयुक्त’ आणि उरलेलं तळातलं ‘मृत’ साठ्याचं. टक्के मोजतात ते फक्त उपयुक्त साठ्याचे. तो संपला की आपण तळातलं उपसायला लागतो आणि आकड्याआधी उणे चिन्ह येतं. मुद्दल खायला काढलं, असं समजा. आणि त्यानंतर सोळाच महिन्यांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, सीनेला असा पूर आला की करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूरची गावंच्या गावं पाण्यात गेली. ज्या शिवारात टँकरची वाट बघितली, त्याच शिवारात माणसं बोटीनं काढली.

आता यावर उपाय दोन प्रकारचे. एक म्हणजे हवा तापवणारा धूर कमी करणं. दुसरा, तापलेल्या हवेत तगून राहायची तयारी करणं. सरकारी कागदात पहिल्याला शमन म्हणतात, दुसऱ्याला अनुकूलन. सोलापूरसारख्या ठिकाणी लोकांच्या गटांच्या हातात मुख्यतः दुसरं काम आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. गावानं चुली बंद केल्या म्हणून सीनेचा पूर थांबणार नाही.

तयारीतलं सगळ्यांत मोठं काम पाण्याचं, आणि ते आपल्याकडं जुनं आहे. रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात जन्मली आणि पाझर तलाव, बंडिंग हे शब्द घराघरांत गेले. अलीकडच्या पिढीला आठवतो तो वॉटर कप. पाणी फाउंडेशननं २०१६ ते २०१९ अशी चार वर्षं गावागावांत पाणी अडवायच्या कामाची ही स्पर्धा घेतली, ऐन उन्हाळ्यात, साधारण पंचेचाळीस दिवस. २०१९ ला पहिला नंबर आला तो बार्शी तालुक्यातल्या सुर्डीचा. त्या दिवसांत पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात टिकाव-फावडी घेऊन डोंगराकडं निघालेली माणसं ज्यांनी बघितली, त्यांना ते विसरता येणार नाही. सुनेनं खणायचं, सासूनं घमेलं उचलायचं, असंही चित्र मी बघितलंय. एरवी कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

हे चर करतात काय? उतारावर समान उंचीच्या रेषेत आडवा खणलेला चर म्हणजे पळत्या पाण्याला टाकलेला अडसर. साधारण दोन फूट रुंद, एक फूट खोल. असा एक मीटर चर एका वेळी १८० लिटर पाणी धरतो, दहा मीटरचा १,८०० लिटर. पावसाळ्यात पाच वेळा भरून मुरला तर ९,००० लिटर, म्हणजे जवळपास एक टँकर. काम वरून खाली करायचं असतं, माथ्यापासून पायथ्याकडं. वर चर, मध्ये दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती, आणि ओढ्याचं काम सगळ्यांत शेवटी. पुष्कळ ठिकाणी हे उलटं झालं. जेसीबी आला, त्यानं ओढा खोल करून टाकला, कारण ते दिसतं आणि पटकन होतं. वरच्या डोंगराला हात लावला नाही, त्यामुळं दोन पावसांत ओढा गाळानं भरला.

आपल्या जमिनीचीही एक अडचण आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. हा बेसॉल्ट म्हणजे वाळूसारखा पाणी पिणारा खडक नव्हे. पाणी मावतं ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत. जागा थोडी, म्हणून विहीर लवकर भरते आणि लवकरच आटते. पाचशे-सहाशे फुटांवर बोअरला लागतं ते पाणी खोल भेगांतलं, वर्षानुवर्षांचं. ती ठेव आहे, पगार नव्हे.

आत्याच्या गावानं दोन उन्हाळे चर खणले. पहिल्या पावसाळ्यानंतर विहिरी काठोकाठ भरल्या, गावानं पेढे वाटले, पेपरात फोटो आला. दुसऱ्या वर्षी पाणी फेब्रुवारीपर्यंत टिकलं. तिसऱ्या वर्षी डिसेंबरातच विहिरीचा तळ दिसला. पाऊस बरा झाला होता आणि चरही शाबूत होते. मग पाणी गेलं कुठं? आत्याच्या शेजाऱ्यानं बोट केलं त्या दिशेला हिरवागार ऊस उभा होता.

मला सांगायचंय ते इथून सुरू होतं. खणणं हे कामातलं सोपं अर्धं. खणताना सगळे एका बाजूला असतात. वाटताना बाजू पडतात.

ताळेबंद हा त्या दुसऱ्या अर्ध्याचा कागद. तो कसा मांडतात ते एका कल्पित गावावर करून बघू. शिवार १,००० हेक्टर, म्हणजे अडीच हजार एकरांच्या जवळपास. पाऊस आपल्या जिल्ह्याच्या सरासरीचा, ५४५ मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १०,००० लिटर होतात. म्हणजे गावावर पडलेलं पाणी ५४५ कोटी लिटर. आकडा ऐकून छाती फुगते. पण निम्म्याहून जास्त पाणी माती आणि पिकं परत हवेत सोडतात, काही ओढ्यानं वाहून जातं आणि आपल्या कातळात मुरतं ते दहा टक्क्यांच्या आगेमागे. म्हणजे ५४ कोटी लिटर.

आता खर्च. दोन हजार वस्ती, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाचे झाले ४ कोटी. हजार जनावरांचे आणखी २ कोटी धरू. माणसं आणि गुरं मिळून ६ कोटी लिटरांत वर्ष काढतात! उरले ४८ कोटी.

पाटानं पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी साधारण दोन कोटी लिटर लागतात. थोडा वाटा पाऊस उचलतो, म्हणून विहिरीचं एक कोटी साठ लाख धरू. ४८ कोटींत किती ऊस बसला? तीस हेक्टर. पंचाहत्तर एकर. अडीच हजार एकरांच्या गावात पंचाहत्तर एकर ऊस लागला की सगळ्या गावाच्या विहिरींचं पाणी संपलं. तेच पाणी रब्बी ज्वारीला दोनदा दिलं, हेक्टरी पंधरा लाख लिटरच्या हिशोबानं, तर आठशे एकर ज्वारी निघते. मालदांडी तर पाणी न देताही काळ्या मातीतल्या ओलीवर उभी राहते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली ३५-१ आजही लोक नावानं मागतात, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय.

मग शेतकरी ज्वारी का लावत नाही? कारण तो खुळा नाही. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे, आणि राज्यात सर्वाधिक कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपण बसलोय. ज्वारीला काढणीला बायामाणसं मिळत नाहीत, पाखरं राखायला पोरं मिळत नाहीत आणि बाजारात दर कधी पडेल सांगता येत नाही. उसाला शिव्या घालणारे शहरी लेख वाचले की मला राग येतो. हुरडा पार्टीला यायचं, चटणी-हुरडा हाणायचा आणि जाताना ‘ज्वारीच लावा हं’ सांगून जायचं!

तरीही गणित गणितच आहे. आणि ते एकट्याला सुटत नाही. मी माझा दोन एकर ऊस कमी केला तर वाचलेलं पाणी माझ्या विहिरीत थांबत नाही. शेजाऱ्याच्या बोअरला जातं. मग मी का कमी करू? गायरानाचंही तेच, तळ्यातल्या माशांचंही तेच. सामाईक गोष्ट अशीच संपते, असं अर्थशास्त्रज्ञ बरीच वर्षं सांगत होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंनी जगभरातल्या पाटपाण्याच्या, मासेमारीच्या, जंगलाच्या गटांचा अभ्यास करून दाखवलं की दरवेळी असं होत नाही. लोक आपापसांत नियम करतात आणि पाळतातही, पण त्याला अटी असतात. वाटेकरी कोण हे ठरलेलं हवं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत, लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच हवा, आणि मोडणाऱ्याला पहिल्यांदा हलका, मग चढता दंड हवा. या कामाला २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

सोलापूरकरांना हे नवं वाटायचं कारण नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तलाव खणला, तो आज शहराच्या मधोमध आहे आणि गड्ड्याच्या जत्रेत आपण त्याच्या काठानं धक्के खात फिरतो. त्याच काळातले बसवेश्वर मंगळवेढ्याला राजाच्या खजिन्यात हिशोब लिहीत होते, असं परंपरा सांगते. (आमच्या धंद्यातला माणूस.) शरणांच्या, म्हणजे या दोघांच्या पंथातल्या संतांच्या, शिकवणीत दोन शब्द जोडीनं येतात. कायक म्हणजे श्रम आणि दासोह म्हणजे श्रमाचं फळ समाजात वाटणं. आपल्या पाणी चळवळीनं कायक मनापासून केलं. दासोहाशी येऊन गाडं थांबलं.

काही गावांनी ते पुढं ढकललं. कुणी ठरवलं की दिवाळीनंतर ग्रामसभेत विहिरींची पातळी मोजायची आणि रब्बीत काय लावायचं ते तिथं बोलायचं. मोजणी सोपी असते : दोरीला दगड, दोरीवर मीटरच्या खुणा. पोरंसुद्धा मोजतात. कुणी उसाला ठिबक सक्तीचं केलं. कुणी नव्या बोअरला गावबंदी केली. कायदाही पाठीशी आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानुसार अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. पण रात्री दहाला गावात शिरलेली बोअरची गाडी कोण अडवणार? कायद्यापेक्षा तिथं शेजाऱ्याची लाज जास्त उपयोगी पडते, आणि लाज वाटायला आधी चारचौघांत शब्द दिलेला असावा लागतो. ग्रामसभेचा खरा उपयोग तो.

बायकांच्या गटांनी वेगळी वाट काढली. त्यांनी नवऱ्याशी उसावरून भांडण केलंच नाही. ‘सगळं रान तुमचं, मला फक्त एक एकर द्या.’ किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं हे एक एकराचं शेत मराठवाड्यात आणि सोलापूर भागात बचत गटांमार्फत पसरवलं. २०१६ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एकरात भाजी, डाळी, थोडं धान्य, सगळं मिसळून. एक पीक गेलं तर दुसरं हाताशी. खत शेणाचं. पाणी अगदी थोडं. नवरा आधी हसतो. दुष्काळात घरात डाळ आहे ती त्या एकरातली, हे कळल्यावर हसायचा थांबतो. मला या सगळ्या उद्योगांत हा सर्वांत शहाणा वाटतो, कारण यात वाटणी आधी होते आणि मशागत नंतर.

सोलर पंपाबद्दल दोन शब्द, कारण त्यात एक गंमत आहे. पंप उन्हावर चालला की कोळसा जळत नाही. उत्तम. पण त्याला बिलही येत नाही, आणि रात्रीच्या लाइटची वाट बघावी लागत नाही. मग तो सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालतो. धूर कमी झाला, विहीर मात्र आटली. हवामानावरचा एक उपाय दुसऱ्याच्या मुळावर येतो तो असा. ज्या गावात पाण्याचे नियम ठरलेत तिथं सोलर पंप वरदान; जिथं नाहीत तिथं तो दिवसाढवळ्या चालणारा उपसा.

शहरात तूट पाण्याची आहेच. चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी हा आमचा पंचांगाचा भाग झालाय. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला पन्नास हजार लिटर पाऊस पडतो आणि आपण तो पाइपानं गटारात सोडून टँकरवाल्याला फोन लावतो. ते असो. शहरातला मोठा प्रश्न उन्हाचा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो तेव्हा पेपरात ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ अशी सूचना येते. शहराच्या पूर्व भागातली विडी वळणारी बाई बाहेर पडलेलीच नसते. ती घरात बसूनच भाजत असते. वर पत्रा, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली पानं. पंखा लावावा तर तंबाखू उडतो आणि पानं वाळून मोडतात. म्हणून पंखा बंद. यंत्रमागाच्या शेडमध्येही तोच पेच : सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून हवा दमट ठेवतात, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यानं. घाम नुसताच निथळत राहिला तर ४० अंशसुद्धा ४५ पेक्षा वाईट. शिवाय काम मोजून : हजार विड्यांमागं मजुरी. बसलात तर पैसे नाहीत.

अहमदाबादनं २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ ला उष्णतेशी लढायचा आराखडा केला, तो भारतातला पहिला. तिथल्याच ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं २०२३ पासून आपल्या सभासद बायकांसाठी उन्हाचा विमा सुरू केला; तापमान ठरलेल्या रेषेवर गेलं की खात्यात थोडी भरपाई जमा होते, कागदपत्रं नाहीत, पाहणी नाही. विडी कामगारांची संघटना हे सोलापूरचं जुनं बळ. शहराजवळ कुंभारीला संघटनेच्या जोरावर हजारो घरं उभी राहिली. तिथं उन्हाचा मुद्दा मागणीपत्रात वर यायला काय हरकत आहे?

सगळ्यांत स्वस्त उपाय पांढऱ्या छताचा. पांढरा रंग ऊन परत फेकतो. घर आतून दोन ते पाच अंशांनी उतरतं असा ठिकठिकाणचा अनुभव. आमच्या मागच्या गल्लीतल्या बचत गटानं हे केलं तेव्हा मी शिडी धरायला होतो. चुना आदल्या रात्री भिजवला, पिंपात तो खदखदला, सकाळी गाळून त्यात फेविकॉल घातला, आणि नऊच्या आत दोन हात मारून घेतले, कारण नऊनंतर स्लॅबवर पाय ठेववत नाही. डोळ्याला चुना लागू नये म्हणून कुणाच्या तरी पोराचा होळीचा चष्मा घातला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला एक ताई अनवाणी आपल्या स्लॅबवर चढून उभ्या राहिल्या आणि शेजारच्या न रंगवलेल्या स्लॅबवरच्या बाईला म्हणाल्या, “आता तू उभी राहून दाखव.” एवढा प्रचार पुरला. चुना स्लॅबवरच चांगला बसतो. पत्र्यावर टिकत नाही, तिथं पांढरा परावर्तक रंग लागतो आणि तो महाग पडतो. पावसात चुना धुऊन जातो ही तक्रार मला कळत नाही. पावसात ऊन कुठं असतं?

पण इथंही अडलं ते वाटणीवर. चुन्याची गोणी आणायला अर्धा तास लागला. पहिलं छत कुणाचं, हे ठरवायला तीन बैठका लागल्या. अध्यक्षांचं? वर्गणी जास्त दिली त्यांचं? शेवटी ठरलं, जिथं तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे ते आधी, मग घरी विड्या वळणाऱ्या. तीन भाषांत भांडण झालं, तेलुगू, कानडी आणि मराठी, पण ठरलं. भाडेकरूंचा प्रश्न मात्र सुटला नाही. दोन घरमालकांनी परवानगी दिली नाही, आणि एकानं रंगवून झाल्यावर भाडं वाढवलं.

झाडांबद्दल थोडं कडू बोलतो. झाडं लावावीतच : ओढ्याकाठी, बांधावर, रस्त्याकडेला, आणि लावली तर तीन उन्हाळे पाणी घालावं. पण ‘माळ मोकळा पडलाय, झाडं लावू’ हे आपल्याकडं धोक्याचं वाक्य आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. माळढोक आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल. लांडगा, काळवीट, धाविक पक्षी अजून आहेत, आणि ते उघड्या गवताळ माळावर जगतात, झाडीत नाही. गवत कार्बन साठवतं ते जमिनीखाली, मुळांत. वर काही दिसत नाही म्हणून फोटो येत नाही. वणवा गेला तरी खालचं शिल्लक राहतं. अशा माळावर खड्डे पाडून गिरीपुष्प लावणं म्हणजे भरलेली कणगी मोडून रिकामी पेटी ठेवणं. प्रत्येक ग्रामपंचायतीत २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. कुठलं रान कशासाठी राखायचं हे तिनं लिहून ठेवायचं असतं. आपल्या गावात ती कोण आहे, विचारून बघा. बहुतेक समितीतल्या माणसालाच आपण समितीत आहोत हे माहीत नसतं.

आणि पूर. सप्टेंबरातल्या त्या चार दिवसांत एक गोष्ट दिसली. ज्या गावात आधीपासून काही ना काही गट होता, मग तो बचत गट असो, गणेश मंडळ असो की भजनी मंडळ, तिथं म्हातारी माणसं कुणाच्या घरी आहेत आणि कुणाची गाय दावणीला बांधलेली आहे, हे लोकांना तोंडपाठ होतं. दावं कापायला माणूस वेळेवर पोचला. हवामानावरच्या कुठल्याही अहवालात भजनी मंडळ सापडणार नाही, पण आमच्याकडं चुलत्यांच्या तीन म्हशी त्यांच्यामुळं वाचल्या.

या गटांनी काय होत नाही, तेही सांगतो. भारतातला माणूस सरासरी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला त्याच्या सातपट. त्यातही विडी वळणाऱ्या बाईचा वाटा तो किती? फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, त्यात रोज हजारो टन कोळसा जळतो आणि त्याला पाणी उजनीचं लागतं. ते कसं आणि किती काळ चालावं, हे कुठल्याही ग्रामसभेत ठरत नाही. उजनीतून कुणाला कधी किती पाणी सोडायचं, तेही नाही. शहराचं काही पाणी नदीत सोडून पार खाली औजच्या बंधाऱ्यात अडवतात. वाटेत किती जिरतं आणि किती मोटारींना लागतं याचा हिशोब गावानं कसा करावा? राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, ग्रामपंचायतींना गुण आणि बक्षिसं देतं, चांगलंच आहे. पण लोकांनी चर खणले म्हणून वरच्या मंडळींची जबाबदारी मिटत नाही. ‘लोकसहभाग’ हा शब्द कधीकधी त्यासाठीच वापरला जातो, आणि तो तसा वापरलेला ओळखायला शिकलं पाहिजे.

गेल्या महिन्यात आत्याकडं गेलो होतो. ग्रामपंचायतीची भिंत पुन्हा रंगवायची ठरली आहे. ग्रामसभेत विषय निघाला की तुटीचा आकडा लिहायचा का. एक म्हणाला लिहू नका, एक म्हणाला बारीक अक्षरात लिहा, एकानं तूट शब्दाऐवजी ‘अपेक्षित शिल्लक’ सुचवला. सव्वा तास गेला. मग आत्या उठली. म्हणाली, “लिवा की आकडा. लाज वाटत आसंल तर शेजारी आनखी एक रकाना काढा. कुनाचा किती एकर ऊस हाय, नावानिशी.”

सभा तहकूब झाली. पुढची तारीख अजून लागलेली नाही.